धुऱ्याचा वळसा

महागावहून फुलसावंगीकडे जाणाऱ्या एसटीचा कंडक्टर एका फाट्यावर बेल मारायचा आणि ओरडायचा, "चला, इस्राएलवाले उतरा!" सगळी गाडी हसायची. उतरणाऱ्या बायका बोचकी सावरत गुपचूप उतरायच्या. त्यांतली एकच, सगळ्यात उंच आणि खणखणीत आवाजाची, मागं वळून म्हणायची, "हाव बाबू, इस्राएलच. ये एक डाव जेवाले, पासपोट नाई लागत." ही बसंतीबाई.

वस्तीचं खरं नाव रामलालचा तांडा. रामलाल हा बसंतीबाईचा सासरा. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या लोकांपैकी तो शेवटच्या खेपेतला. लादणीचा धंदा मोटारींनी खाल्ला, तेव्हा त्यानं या माळावर बैल सोडले, झुडपं तोडली आणि ज्वारी पेरली. तेव्हापासून या जमिनीचं भांडण चालू होतं. महसूलवाले म्हणायचे आमची, जंगलवाले म्हणायचे आमची, तांडा म्हणायचा आमची. पलीकडच्या टेकडीवरच्या पोडातले, म्हणजे छोट्या वस्तीतले, कोलाम काहीच म्हणायचे नाहीत. जो काहीच म्हणत नाही त्याचीच माणसाला सगळ्यात जास्त भीती वाटते, हे पुढं दिसलंच.

बसंतीबाईला आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती. एकदा चुलीवर ठेवलेला तवा पुन्हा गाठोड्यात बांधायचा नाही. लग्नानंतरचे कितीतरी हिवाळे तिनं उसाच्या फडात काढले होते. पाचटाच्या खोपीत शाम जन्मला. तिथंच एका पहाटे उसाची ट्रॉली उलटली आणि तिचा नवरा फुलसिंग त्याखाली गेला. त्याला तिथल्याच कुठल्याशा ओढ्याकाठी जाळला. ती राखही आपल्या मातीत आली नाही, याचं दुःख ती कुणाला सांगत नसे. फक्त फडाचं नाव निघालं की उठून जायची.

मग कापसाची ती वाईट सालं आली. बोंडात अळी, बाजारात पडता भाव आणि दर पावसाला एखाद्या गावाहून येणारी नको ती बातमी. तांड्यातले निम्मे लोक पुन्हा फडाच्या वाटेला लागले होते. अशात यवतमाळचे सदाशिवराव जीपमधून उतरले.

सदाशिवराव शेतीखात्यातून निवृत्त झालेले. घराणं तीन पिढ्या कचेरीतलं, माणूस मनाचा चांगला आणि बोलायला लागला की देवसुद्धा उठून जाणार नाही असा. सरकारी अभ्यासदौऱ्यात ते इस्राएलला जाऊन आले होते, आणि तिथल्या एका छोट्या वस्तीनं त्यांना जे झपाटलं ते कायमचं. सगळ्यांची शेती एक, सगळ्यांची चूल एक, काम एक, पीक एक. वाळवंटात द्राक्षं! मोहाच्या झाडाखाली बसून ते हे सांगत, आणि तांडा आ वासून ऐके. "त्यांच्यात एकाच्या आणि दुसऱ्याच्या शेतात कुंपण नाही," ते म्हणाले. "तारेचं कुंपण आहे ते फक्त वस्तीच्या भोवती."

"भवताली काहून?" बसंतीबाईनं विचारलं होतं.

"तिथंही जमिनीचा तंटा आहे ना. शेजारी म्हणतात, जागा आमची."

"मंग शेजाऱ्याचं काय होतं तिथं? वावर होतं का घर?"

"ते काही कळलं नाही बुवा. आम्हाला ठिबक दाखवलं," सदाशिवराव म्हणाले. सगळे हसले आणि विषय तिथंच मिटला.

तर तांड्यानं ठरवलं, आपणही तसंच करायचं. तांड्याचा नाईक देवसिंग यानं भंडारा उधळून शपथ दिली. मधोमध टिनाची शेड उभी राहिली, तिच्यात लांबलचक चूल, आणि चुलीवर राज्य बसंतीबाईचं. सुरुवातीला काय गंमत उडाली म्हणता! कुणाला भाकर जाड लागे, कुणाला पातळ. एकीच्या नवऱ्याला मिरची चाले ती दुसरीच्या सासऱ्याला झोंबे. बसंतीबाई उलथनं उगारून म्हणायची, "ज्याले चव पायजे त्यानं आपल्या घरची जीभ घरी ठेवून यावं!" पण हळूहळू घडी बसली. एका हिवाळ्यात तांड्यातला एकही माणूस फडात गेला नाही. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या दिवशी बसंतीबाईनं सगळ्यांना गोड लापशी वाढली, आणि चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

आता धुऱ्यांची गोष्ट. आपल्याकडे दोन वावरांमधल्या बांधाला धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात. शेती एक करायची तर धुरे कशाला? सदाशिवरावांनी तसं सुचवलं, आणि बाकीचे कचरत असताना पहिला वखर बसंतीबाईनंच आपल्या धुऱ्यावर घालायला लावला. "माया धुरा गेला, आता तुमचे जाऊ द्या," ती म्हणाली. तिच्या पुढं कोण बोलणार?

तिच्या सासऱ्याचा तो धुरा साऱ्या माळात निराळा होता. दोरी धरल्यासारखा सरळ यायचा आणि मधेच पोटुशा बाईच्या पोटासारखा बाहेर वळायचा, पुन्हा सरळ. त्या वळशात कोलामांचे दगड होते. त्यांच्या वाडवडिलांच्या नावानं उभे केलेले, शेंदूर लावलेले. रामलालनं झुडपं तोडली तेव्हा ते दगड त्याच्या आधीपासून तिथं होते, म्हणून त्यानं धुरा त्यांना वळसा घालून नेला. दर वर्षी पेरणीच्या आधी पोडावरचा उकंडा नावाचा कोलाम आपली माणसं घेऊन यायचा, दगडांना नवा शेंदूर लावायचा, तिथंच कोंबडं शिजवायचा आणि पहिला वाटा रामलालच्या घरी पाठवायचा. बसंतीबाई नवी नवरी होती तेव्हापासून तो वाटा खात आली होती.

धुरा मोडायचा म्हणजे दगड हलवणं आलं. उकंडाला बोलावलं. तो आला, काठीवर हनुवटी टेकवून उभा राहिला. सदाशिवराव म्हणाले, "बाबा, नवीन विहिरीच्या बांधकामात लावतो तुमचे दगड. रोज पाणी भरताना सगळ्यांना आठवण राहील." उकंडा म्हणाला, "तुमचं वावर हाय. तुमी पाहा." आणि गेला. नाही म्हणाला नाही, म्हणून सगळ्यांनी हो धरलं. बसंतीबाईला मात्र आत कुठंतरी टोचलं. त्यातला सगळ्यात मोठा दगड तिनं गवंड्याला सांगून विहिरीच्या कठड्यावर, उगवतीकडं तोंड करून बसवला. शेंदूर तसाच राहू दिला. पुढच्या वर्षी पेरणीच्या आधी ती वाट पाहत राहिली. पोडावरून कुणी आलं नाही, आणि तिनंही कुणाला पाठवलं नाही.

धुरे गेले तसा पाऊस उतारावरून मोकळा धावायला लागला. वरच्या अंगाची काळी माती दर पावसाळ्यात थोडी थोडी नाल्यात जायची. कापसाची पऱ्हाटी कमरेला लागायची ती मांडीला लागायला लागली. शिवाय अळी होतीच, भाव पडलेला होताच. एका चुलीवर जेवणारी माणसं एका चुलीवर उपाशी राहू लागली, एवढाच फरक. तरी बसंतीबाई म्हणायची, "उपाशी हावो पन आपल्या जाग्यावर हावो." शामचं लग्न झालं होतं आणि सून वर्षा पोटुशी होती. नातवंडाचा जन्म खोपीत होऊ द्यायचा नाही, हे बसंतीबाईनं मनाशी घट्ट बांधलं होतं.

अशा दिवसांत जंगलजमिनीच्या हक्काचा नवा कायदा आला. जमीन कसणाऱ्याच्या नावावर होणार! तांड्यात आनंदाला उधाण आलं. पण कायद्यात एक मेख होती. कोलाम आदिवासी, त्यांना सोपं. तांड्याच्या लोकांना आपल्या राज्यात आदिवासी धरत नाहीत. त्यांनी तीन पिढ्यांपासून इथंच आहोत हे दाखवायचं. जुने धुरे, जुनी विहीर, जुनं काही तरी, आणि सांगणारी म्हातारी माणसं. तांड्यात नवी विहीर होती, नवी शेड होती, आणि धुरा एकही नव्हता. आम्ही सगळे एक आहोत हे दाखवायच्या नादात या लोकांनी आम्ही आहोत हेच पुसून टाकलं होतं.

त्यातच शाम महागावच्या बाजारातून धापा टाकत आला. मोहाखाली सगळे जमले. "याडी," तो आईला म्हणाला, "बजारात बोलून राह्यले, कोलामाईचा दावा आधी लागते. त्याईनं आपल्या बुढ्याईचे दगड दाखवले का जमीन त्याईची! उकंडाबुढा दगडं शोधत येनार म्हन्ते पाहनीच्या दिवशी."

बाजारात बोलणारं कोण, हे कुणी विचारलं नाही. भ्यालेल्या माणसाला अफवा ही बातमीपेक्षा लवकर पटते. देवसिंग नाईक म्हणाला, "दगड नव्हतेच असं सांगाचं. सबनं एकच सांगाचं." मग तो बसंतीबाईकडं वळला. "भाबी, तू सबमें मोठी. साहेब तुले इचारन."

दुपारी बसंतीबाई शेण आणि माती कालवून विहिरीवर गेली आणि कठड्यावरचा तो मोठा दगड तिनं लिंपून टाकला. शेंदूर सहज झाकला जाईना. दोन हात दिले तरी लाल डाग ओलीतून वर येत होता. तिनं तिसरा हात दिला. वर्षा कळशी घेऊन उभी होती, ती म्हणाली, "सासूमाय, दगडाले कायले लिपून राह्यल्या?" बसंतीबाई तिच्यावर खेकसली, "तू आपलं पोट पाय!"

पाहणीचे साहेब आले ते भर उन्हाळ्यात. माणूस सौम्य होता. त्यानं पाणी मागितलं, विहिरीच्या कठड्याला टेकून प्यायला आणि विचारलं, "आजी, किती वर्षं झाली इथं?"

"माया सासऱ्यानं झुडपं तोडले, साहेब. मग नवऱ्यानं कसलं, आता पोरगा कसते."

"जुना धुरा कुठं आहे?"

"एक केले जी सबचे वावरं. मोडले."

"मग जुनं काय आहे इथं? दगड, देवस्थान, मसणवट, काहीही. कोलामांचं काही होतं का या भागात?"

सगळ्या तांड्याच्या नजरा तिच्या तोंडावर खिळल्या. "काहीच नव्हतं," ती म्हणाली. "कोनी येत नव्हतं इकडं."

आणि त्याच वेळी पाऊलवाटेनं उकंडा येताना दिसला. धुतलेलं धोतर, कुणाचा तरी मागून आणलेला सदरा, हातात काठी. एकटाच. शाम दातओठ खात पुटपुटला, "आला पाय." उकंडा सावलीत आला, साहेबांना हात जोडले, आणि कुणी विचारायच्या आधीच बोलायला लागला. आयुष्यात तो एवढं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"साहेब, मी पोरगं होतो. या बाईचा सासरा रामलाल, त्यानं इथं बैल सोडले तवा माया बाप त्याच्या संगं झुडपं तोडाले होता. आमच्या बुढ्याईचे दगड होते इथं. रामलाल म्हने, तुमचा देव मी कायले हालवू, मी धुरा वाकडा नेतो. म्या पाह्यला तो धुरा टाकताना. मातीच्या टोपल्या वाहल्या."

साहेबांनी वर पाहिलं. "पण बाई तर म्हणतात दगड नव्हतेच."

साहेब बसंतीबाईला म्हणाले, "आजी, नीट आठवा. होते की नव्हते?"

इथं ती वाचली असती. सगळा तांडा वाचला असता. पण तिच्या कानात फक्त 'दगड' एवढाच शब्द शिरला होता, म्हाताऱ्याचं बाकीचं बोलणं शिरलंच नव्हतं. तिला वर्षाचं पोट दिसत होतं, पाचटाची खोपी दिसत होती, उलटलेली ट्रॉली दिसत होती. आणि एकदा चारचौघांत नाही म्हटल्यावर आता हो म्हणणं म्हणजे सगळ्या तांड्याला खोटं पाडणं.

"नव्हते," ती म्हणाली.

उकंडानं तिच्याकडं पाहिलं. मग विहिरीकडं, त्या ताज्या लिंपलेल्या दगडाकडं पाहिलं. मग साहेबांना म्हणाला, "बाई म्हन्ते तं नसन. मी बुढा मानूस, माया डोक्शात घोळ झाला असन." पुन्हा हात जोडले आणि आला तसा निघून गेला. पाणीसुद्धा मागितलं नाही.

साहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि उठता उठता म्हणाले, "काय केलंत आजी! तो म्हातारा तुमच्याच बाजूनं बोलत होता. तुमच्या सासऱ्याचा धुरा डोळ्यांनी पाहिलेला, तांड्याबाहेरचा माणूस. याहून मोठी साक्ष कुठली हवी होती तुम्हाला? आता मी काय सांगू वर, इथं काहीच नव्हतं म्हणून?"

गाडी धूळ उडवत गेली. बसंतीबाईला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कितीदा वाटलं.

दावा नामंजूर झाला. पावसाळा सरता सरता जंगलवाल्यांनी माळावर रोपवनासाठी खड्डे खणले. शेडची टिनं उतरवताना बायका रडल्या. भाकरीवरून ज्या भांडायच्या त्याच एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. सदाशिवराव आले होते. ते जीपमधून उतरलेच नाहीत, काचेआड तोंड झाकून बसले होते. माणूस वाईट नव्हता हो. पण चांगल्या माणसांच्या स्वप्नांची किंमत दुसरेच देतात, एवढं खरं.

घरं रिकामी करायच्या दिवशी बसंतीबाईनं शामकडून लोखंडी सब्बल घेतली आणि विहिरीवर गेली. लिंपण खरवडलं. खाली शेंदूर होता तसा होता. कठड्यातून तिनं तो दगड एकटीनं उचकटला, बोटं रक्तबंबाळ झाली तरी कुणाला हात लावू दिला नाही. कापडाची चुंबळ केली, दगड डोक्यावर घेतला आणि टेकडी चढून पोडावर गेली.

उकंडा अंगणात बांबू सोलत होता. तिनं दगड उतरवला आणि त्याच्या समोर जमिनीवर डोकं टेकलं. "दादा, मायं चुकलं. तुमी आमच्यासाठी येनार होते तं मले काहून नाई सांगतलं हो?"

उकंडाला प्रश्नच कळेना. "सांगाचं काय त्यात?" तो म्हणाला. "आमचा वाटा खाल्लेल्या घरची साक्ष तं द्याचीच असते."

हे ऐकून ती जी रडायला लागली ती थांबेचना. उकंडाची म्हातारी पाणी घेऊन आली, पाठीवर हात फिरवत बसली. रडणं ओसरल्यावर बसंतीबाई म्हणाली, "दादा, तुमचा देव आनला. घ्या पदरात."

उकंडानं मान हलवली. "इथं ठेवून काय करू? तो जिथं उभा होता तिथंच त्याचं मानूस हाय. जागा सोडून उभा केला तं नुसता धोंडा. चाल, ठेवून येऊ त्याच्या जाग्यावर."

दोघं उतरली. दगड तिच्या डोक्यावर, काठी त्याच्या हातात. माळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट, काळा, खड्ड्यांनी भरलेला. उकंडा नाल्यापासून चालत आला, थांबला, परत गेला. ती मोहाच्या झाडाकडून चालत आली, थांबली. इतकी वर्षं दोघांनाही ती जागा धुऱ्यावरून ठाऊक होती. सरळ येणारा धुरा, मग वळसा, वळशात दगड. आता नुसती माती, आणि तीही अर्धी वाहून गेलेली. कधी त्याला वाटे इथं, कधी तिला वाटे तिथं. लांबून शाम हाका मारत होता. ऊसतोड टोळीचा ट्रक फाट्यावर येऊन थांबला होता, आणि अवघडलेली वर्षा गाठोड्यांवर चढून बसली होती. त्यातल्याच एका गाठोड्यात तवा होता.

शेवटी उकंडा दमून खाली बसला. "बाई," तो म्हणाला, "तूच सांग कुठं होता. तू सांगशील ते मी खरं धरतो."

त्यात टोमणा नव्हता. म्हाताऱ्याचा खरंच तिच्या शब्दावर विश्वास होता, आणि तेच तिला सोसेना. साहेबांपुढं 'नव्हते' म्हणायला तिला एक पळ लागला होता. आता 'इथं होता' एवढं म्हणायचं होतं. डोक्यावर दगड घेऊन ती माळाच्या मधोमध उभी राहिली, ओठ हलवत राहिली, आणि तोंडातून शब्द फुटेना.